लॉटरीत नंबर लागला, आता?

लेकीचा एका छोट्या चार्टर हायस्कूलच्या (म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळेच्या) लॉटरीत नंबर लागलाय. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, म्हणून आज शाळा बघून आलो.

(पुण्यात आईला फोनवर समजावताना नाकी नऊ आले. "फी नाही, सरकारी पैशावर चालते, मग लॉटरी कसली रे?" अगं, जागा कमी आणि अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या काढाव्या लागतात. इथे कॅलिफोर्नियात १९९२ चा कायदाच आहे तसा.)

नववीत जेमतेम नव्वद मुलं. मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून एकेकाला नावाने हाक मारत होत्या. मी तिथेच विरघळलो. पण मैदान नाही, स्कूलबस नाही; पोरं पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांवर बसून डबा खात होती. लेकीने एकच विचारलं, "बँड रूम कुठेय?" शाळा दाखवणाऱ्या मुलाने एका कपाटाकडे बोट केलं. आत दोन गिटारी, एकीला तारा नाहीत.

घराजवळच्या हायस्कूलमध्ये दोन हजार पोरं, पण मार्चिंग बँड दणदणीत.

बायको म्हणते चार्टर. खरं तर मीही. येताना लेक गाडीत अवाक्षर बोलली नाही. आत्ता वरून क्लॅरिनेट ऐकू येतंय, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.