तुम्ही विचारलंत म्हणून : केसांना काय लावता?

"केसांना काय लावता हो तुम्ही?" लिफ्टमध्ये, बँकेच्या काउंटरवर पासबुक पुढे सरकवताना, शाळेच्या गेटबाहेर पोरांची वाट बघताना, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. मी "काही विशेष नाही, शिकेकाई" असं म्हणते आणि तेवढ्यात माझा मजला येतो. उत्तर खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. शिकेकाई महिन्यातून दोनदा होते, तीही जमलं तर. एरवी वाण्याकडचा साधा शाम्पू. आणि इथवर यायच्या आधी साडेचार वर्षांचे उद्योग आहेत, त्यातले निम्मे फसलेले. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून होत नाहीत, म्हणून एकदा बसून लिहिते.

सुरुवात धाकट्याच्या वेळेस झाली. तो तीन महिन्यांचा झाला आणि माझे केस हातात यायला लागले. मोरीच्या जाळीत, उशीवर, बाळाच्या मुठीत आणि एकदा नवऱ्याच्या वरणात. अळिवाचे लाडू चालू होतेच, पण घरात आलेली प्रत्येक बाई काहीतरी सांगून जायची. माका लाव. वडाच्या पारंब्या तेलात उकळ. कांद्याचा रस लाव. तेव्हा झोप धड नव्हती, डोकं धड नव्हतं, मी सगळं लावलं. कांद्याचा रस तर अडीच महिने. कांदा किसायचा, फडक्यातून पिळायचा, भांगाभांगात कापसाने लावायचा आणि अर्धा तास बाळाला दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, कारण त्या वासाने तो तोंड फिरवायचा. डोकं धुतल्यावर वास गेला असं वाटायचं. उन्हात गेलं, घाम आला की तो पुन्हा हजर.

आठव्या महिन्यात कपाळाच्या कडेने बारीक केस उभे राहिले, नवीन टूथब्रशसारखे. मी दिसेल त्या बाईला कांद्याचं सांगत सुटले. पुढे दुसऱ्याच कामासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांना अभिमानाने हे सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, गरोदरपणात केस गळायचे थांबतात, वाढीच्या अवस्थेतच रेंगाळतात. बाळंतपणानंतर ते राहिलेले सगळे एकदम गळतात, साधारण तिसऱ्या महिन्यापासून. आणि वर्षभरात बहुतेकींचं आपोआप पूर्ववत होतं. कांदा लावला नसता तरी आलेच असते. "वर्ष उलटूनही थांबलं नसतं तर मी हिमोग्लोबिन, लोह, थायरॉईड बघितलं असतं, कांदा नाही," असंही म्हणाल्या. कांद्याच्या रसावर 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी एक छोटा प्रयोग केला होता खरा, पण तो चाई पडलेल्या, म्हणजे डोक्यावर गोल चट्ट्यांत केस गेलेल्या लोकांवर. बाळंतिणीच्या केसगळतीशी त्याचा संबंध नाही. ज्या ज्या बायकांना मी कांदे किसायला लावले त्यांची इथे माफी मागते.

पण एकदा नाद लागला की लागला. पुढची पायरी अर्थातच शिकेकाई.

माझं आजोळ राजापूरकडचं. शनिवारी रात्री आजी आम्हा मुलींच्या डोक्यावर घाण्याचं खोबरेल थापायची आणि रविवारी सकाळी मागच्या पडवीत एकेकीला न्हायला घालायची. बंबातलं कढत पाणी, पितळी तांब्या, शिकेकाईचं तपकिरी पाणी. "डोळे मीट, मीट म्हटलं ना!" असं म्हणेपर्यंत ते डोळ्यात गेलेलं असायचं. मग जास्वंदीच्या पानांचा चुरून केलेला बुळबुळीत रस. केस वाळले की हातातून निसटायचे.

तर तेच करायचं ठरवून मी पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात गेले. अर्धा किलो शिकेकाई, पाव किलो आवळकाठी, शंभर ग्रॅम रिठा, नागरमोथा, कचोरा, मेथ्या, वाळवलेली संत्र्याची साल घरचीच. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने पिशवीत डोकावून हात जोडले, "ताई, दिवसभर लोक शिंकतील, आणि उद्याच्या पोळ्या कडू होतील." शेवटी मसाल्याच्या डंकावर कुटून घेतली. घरी येईपर्यंत मीच चाळीस शिंका दिल्या असतील.

आणि पहिल्याच रविवारी कळलं की माझ्याकडे आजीची शिकेकाई होती, आजी नव्हती. मोरीत एकटीने वाकून, एका हातात मग, दुसऱ्या हाताने लगदा चोळायचा, डोळे मिटलेले, बाहेरून धाकटा दारावर थापा मारतोय, "आई, काय कलतेश?" पूड केसात अडकली ती अडकलीच. सोमवारी बँकेत कामाला बसले, काउंटरवर मान हलवली की कोऱ्या चलनावर तपकिरी कण पडायचे. मेथ्यांचा वास तर दोन दिवस. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी प्रेमाने विचारलंसुद्धा, "आज डब्यात मेथी वाटतं?" मोरीची जाळी तुंबली ती वेगळीच. नवरा काही बोलला नाही, फक्त प्लंबरचं बिल फ्रिजवर लावून ठेवलं.

मग मी सोपे मार्ग शोधले, आणि तिथेच खरी वाट लागली. आधी खायचा सोडा. कुठेतरी वाचलं की पाण्यात सोडा कालवून केस धुतले की शाम्पू लागत नाही. तीन आठवड्यांत केस काथ्यासारखे झाले. आपली डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा उलट बाजूचा, त्याने केसावरचे खवले फुलून उभे राहतात आणि एकमेकांत अडकतात. हे मला नंतर कळलं, फणी अडकल्यावर. मग शिकेकाईचा साबण. हिरवी वडी, वर शेंगांचं चित्र. केस मेणचट, विंचरले की फणीला पांढुरका थर. मी आधी शिकेकाईलाच नावं ठेवली. दोष तिचा नव्हता.

आम्ही वाघोलीला राहतो. इथे टँकरचं पाणी, नाहीतर बोअरचं. काळ्या कातळातून खोलवरून उपसलेलं, क्षारांनी जड. गीझरची कॉइल दीड वर्षात पांढरी होते, नळाच्या तोंडाला मिठासारखे खडे धरतात. साबणाचं आणि अशा पाण्याचं हाडवैर आहे. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून न विरघळणारी साय करतं, बादलीच्या कडेला दिसते ना, तीच केसांवर बसते. वडीवर शेंगांचं चित्र असलं तरी आत आधी साबणच असतो. खरी शिकेकाई आणि रिठा यांच्यातला फेस वेगळ्या द्रव्याचा, सॅपोनिनचा, त्याची अशी साय धरत नाही. आजीच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, मऊ. तिच्या घरी अंगाच्या साबणाने केस धुतले असते तरी ते इतके चिकटले नसते. आम्ही सगळ्या तिच्या हाताचा गुण म्हणून सांगतो, त्यात थोडा त्या विहिरीचाही होता.

तेव्हापासून एक गोष्ट मात्र पक्की झाली. केस धुऊन झाले की शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू, बिया काढून. लिटरभर पाण्याला एवढंच. त्याहून जास्त घातलं तर डोकं चुरचुरतं, हेही करून बघितलंय.

मेंदीचं सांगायलाच हवं, कारण निम्म्या बायका खरं म्हणजे मेंदीबद्दल विचारत असतात, फक्त पांढरे केस हा शब्द तोंडातून निघत नाही. मागच्या मे महिन्यातला रविवार. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी, चहाचं पाणी, लिंबू, आवळ्याची पूड. लोखंडात आवळा आणि चहा घातला की मिश्रण काळं पडतं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. पण केसाला धरतो तो मेंदीचा स्वतःचा रंग, तांबूस नारिंगी, कढई कितीही काळी दिसली तरी. सगळं डोकं थापून, वर प्लॅस्टिकची पिशवी, जुना टॉवेल. दीड तासाने मोरीत गेले, नळ सोडला, नळाने फुस्स केलं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता, टँकर संध्याकाळी.

सकाळचे साडेअकरा. मेंदी वाळून टोपीसारखी कडक झालेली, कपाळावरून ओघळ. घरात पिण्याचे दोन जार. एक नवऱ्याने स्वयंपाकाला राखून ठेवला, "डाळ तरी शिजू दे." उरलेल्या वीस लिटरमध्ये आम्ही दोघांनी बाल्कनीत माझं डोकं धुतलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर नारिंगी ठिपके गेले. (चादर भरून दिली. त्यांनी घेतली.) सोमवारी बँकेत ट्यूबलाइटखाली माझे कपाळावरचे पांढरे केस झेंडूसारखे पेटलेले. पेन्शन घ्यायला येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "छान दिसतंय गं, सण आहे का काही?"

"काळी मेंदी का नाही लावत" हेही विचारतात. मेंदी काळी नसते. दहा मिनिटांत काळं करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडी नावाचा रासायनिक रंग असतो. माझ्या जाऊबाईंचे डोळे त्याने दोन दिवस उघडत नव्हते. ज्याला सरळ डाय लावायचाय त्याने सरळ डाय लावावा, डब्यावरचं वाचून, कानामागे तपासून. मेंदीच्या नावाने लावू नये. मी आता तीन महिन्यांतून एकदा मेंदी लावते, आधी टाकी बघून.

मधे उवांचं प्रकरण झालं. लेकीच्या वर्गात साथ आली, दोन लांब वेण्यांवरून ती आमच्या घरी उतरली. सासूबाईंनी सीताफळाच्या बिया वाटायला काढल्या. त्यांच्या लहानपणी तेच करायचे. त्यांना मी कधी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी पाटा उचलून ठेवला. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. नैसर्गिक आहे म्हणून काय झालं, सीताफळाने ती बी पोराच्या डोक्यासाठी केलेली नाही. आम्ही भरपूर तेल लावून बारीक दातांच्या फणीने दर तीन दिवसांनी विंचरलं, दोन-तीन आठवडे. लिखा फुटायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. पांढऱ्या कागदावर पडलेल्या उवा धाकटा मोजायचा. त्याला वीसपर्यंत आकडे तिथे आले.

तर आता काय लावते? शनिवारी रात्री भांडी आवरली की पळीत चमचा-दोन चमचे खोबरेल कोमट करते आणि टोकांना लावते. डोक्यावर थापत नाही. केस मुळाबाहेर आला की तो निर्जीवच, त्याला "पोषण" देता येत नाही, फक्त झिजण्यापासून वाचवता येतो. महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे माझ्या वेणीचं टोक माझ्या धाकट्यापेक्षा वयाने मोठं आहे. इतक्या जुन्या वस्तूला जपूनच वापरायला हवं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, हे तपासून पाहिलेलं आहे. 2003 साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, त्यात खोबरेलच पुढे होतं. दोघं तेलाच्या कंपनीतले, हेही सांगायला हवं. पण निकाल पटण्यासारखा आहे, आणि माझ्या टोकांचाही तोच आहे.

पूड मी सोडली. आता रात्री सहा-सात शिकेकाईच्या शेंगा मोडून, तीन रिठे बिया काढून आणि आवळकाठीचे चार तुकडे लिटरभर पाण्यात भिजत टाकते. सकाळी चहाच्या शेजारच्या शेगडीवर पंधरा मिनिटं उकळते, कुस्करते, जुन्या ओढणीतून गाळते. रिठा याहून वाढवायचा नाही, केस कोरडे पडतात. फेस शाम्पूइतका येत नाही, म्हणून मळ निघाला नाही असं वाटतं. निघतो. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. पातेल्यावर चिठ्ठी लावावी. आमच्याकडे एकदा ते कोकम सरबत म्हणून प्यायलं गेलंय, कुणी ते सांगत नाही.

ज्या रविवारी पाहुणे, परीक्षा किंवा मंथ-एंड, त्या रविवारी शाम्पू. त्यात मला आता काही वाटत नाही.

आणि ते एकटीने वाकून धुणं मी बंद केलंय. पूड सोडण्याइतकाच फरक त्याने पडला. मोरीत प्लॅस्टिकचं स्टूल टाकते, मान पुढे करते आणि लेक तांब्याने पाणी घालते. मग पाळी बदलते. ती दहा वर्षांची आहे, धार कधी कानात, कधी पाठीवर. मी "डोळे मीट" म्हणायच्या आत तिच्या डोळ्यात जातं, आणि मग पुढची पाच मिनिटं माझा उद्धार.

परवाच्या रविवारी पाणी घालता घालता ती थांबली. "आई, पांढरे मोजू?" मी म्हटलं, मोज. एकोणीसपर्यंत गेली, मग म्हणाली की पाणी गार झालं.