यीस्टची नोंदवही, तिसरी फेरी: चार बीजाणू दिसले एकदाचे

जमलं! ४०० पटीखाली एका पेशीच्या पिशवीत चार गोल बीजाणू दिसले, चौथा जरा मागे दडलेला. यीस्ट बेकरीचंच, साधं कोरडं. २०० पेशी मोजल्या, त्यांत अशा जेमतेम ९. प्रयोगशाळेतल्या, भरभरून बीजाणू करणाऱ्या एसके१ या यीस्टच्या वाणापुढे हे काहीच नाही, पण आधीच्या दोन फेऱ्यांत एकही नव्हती.

घोळ धुण्यात होता. उपाशी ठेवायचं म्हणून पेशी १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटच्या पाण्यात टाकत होतो, आणि आधीच्या वाढीचं खाद्य त्यांच्यासोबतच जात होतं. ताटात वाढलेलं असताना यीस्ट बीजाणू कशाला करेल? या वेळी तीनदा पाण्यात ढवळलं, खाली बसू दिलं, वरचं पाणी ओतून टाकलं. मग पाच दिवस, बूच सैल ठेवून, आठवण येईल तेव्हा हलवत राहिलो.

उपास ही मात्र अर्धीच अट. पेशीत गुणसूत्रांचे दोन संच हवेत. एकच संच असेल तर कितीही उपाशी ठेवा, ती बीजाणू करत नाही. हे तिला कळतं कसं, याच प्रश्नापायी मी या नादाला लागलो.

बीजाणू करायला सुरुवात करून देणारं कळीचं जनुक आयएमई१. एकसंची पेशीत आरएमई१ हे प्रथिन त्याच्या अलीकडून आयआरटी१ नावाचा आरएनए लिहायला लावतं. त्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. पण तो लिहिणारं पॉलिमरेज हे विकर आयएमई१च्या प्रमोटरवरूनच, म्हणजे ते जनुक जिथून चालू होतं त्या भागावरूनच जातं आणि जाता जाता तिथले न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळलेली प्रथिनांची रिळं, पक्के बसवतं. दारावरून वरात चाललीय तोवर घरात शिरता येत नाही, तसलाच प्रकार. इथे तर वरात मागे मांडवही ठोकून जाते. फोल्कर्ट व्हान वेर्वेन, अँजेलिका आमोन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हे दाखवलं. म्हणजे अडवणूक आरएनएची नाही, त्याच्या लिहिण्याची. मला हे पचायला आठवडा लागला.

शिवाय दुसरं कुलूप: बीजाणूंसाठी लागणाऱ्याच आयएमई४ जनुकावर उलट्या दिशेने लिहिला जाणारा, त्याला अडवणारा आरएमई२ हा आरएनए. दोनसंची पेशीत ए१ आणि अल्फा२ ही, एकेका संचातून येणारी प्रथिनं जोडीने आरएमई१ही थोपवतात आणि आरएमई२ही. दोन्ही कुलपं उघडी.

आरएनए माझ्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीच, दिसतो तो त्याचा निकाल. पुढच्या फेरीला माडी या पेयातलं यीस्ट. आगरवर रेघा ओढून ठेवल्यात, एकटी वसाहत अजून सुटी झालेली नाही.