तुम्ही विचारलंत म्हणून: कोइम्बतूरला मी त्याच लॉजवर का उतरते

"वहिनी, आता एवढं चांगलं चाललंय तुमचं, मग कोइम्बतूरला अजून त्या गांधीपुरमच्या लॉजवरच का उतरताय?"

सायझिंगवर, म्हणजे सुताला खळ देतात त्या कारखान्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि गेल्या दिवाळीपासून घरात सूनही विचारायला लागली आहे. विचारणारा प्रत्येक जण आपलं उत्तर सोबत घेऊनच आलेला असतो. कुणाच्या मते मी पैशाला चिकट आहे. कुणाच्या मते बाईमाणसाला नवीन जागा शोधणं जमत नाही. एका नात्यातल्या बाईंनी "तिथं कोण ओळखीचं आहे काय?" हे अशा सुरात विचारलं की मी ताटावरून उठले. इतकी वर्षं मी "स्टँडपासून जवळ पडतं" एवढंच सांगून विषय बंद करत आले. आज नीट सांगते.

यांच्या आजारपणानंतर कोइम्बतूरच्या गिरण्यांतून सुताची खरेदी माझ्याकडे कशी आली, दिरांनी काय म्हटलं, पहिल्या वर्षी कोणी उधारी थांबवली, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ते परत उगाळत नाही. फोनवर सूत मिळतं हेही मला माहीत आहे. पण चाळीस काऊंटच्या (काऊंट म्हणजे सुताचा बारीकपणा) एकाच गाडीत दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी कातलेला माल, मिसळून आले की कापड रंगवल्यावर पट्टा पडतो, आणि मग कारखानदार माझ्या दारात येऊन बसतो, गिरणीच्या नाही. गोदामात उभं राहून सुताचा कोन (गुंडाळी) हातात घेतला, लॉट नंबर डोळ्यांनी वाचले, की गिरणीवालाही जरा जपून माल भरतो. म्हणून जाते. पुढेही जाणार.

आता लॉजचं. आधी सोपी कारणं देते, कारण तीही खरीच आहेत.

बेंगळुरूहून रात्रीची बस गांधीपुरमला पहाटे साडेचार-पाचला सोडते. मोठ्या हॉटेलात दुपारी बारा किंवा दोनपासून दिवस मोजतात. पहाटे पाचला खोली हवी असेल तर आदल्या दिवसाचंही भाडं द्या, नाहीतर बॅग घेऊन लॉबीत बसा. गांधीपुरमच्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो. पाचला किल्ली घेतली तर दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत खोली तुमची. मी पहाटे अंघोळ करून दोन तास पडते, आठला खाली पोंगल-वडा आणि कॉफी घेते, नऊला पीळमेडूच्या किंवा पल्लडमच्या गिरण्यांच्या वाटेला लागते. संध्याकाळी परत येऊन जेवते, आणि रात्रीच्या बसने निघते. एका दिवसाच्या भाड्यात सगळं बसतं.

"धंद्याच्या खर्चात टाका की, जीएसटी परत मिळतो," असं सांगणाऱ्यांनी आपल्या सीएला एकदा विचारावं. हॉटेलची खोली जिथे आहे त्या राज्याचा कर लागतो. तमिळनाडूत उतरलं की सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि तमिळनाडूचा एसजीएसटी (राज्याचा वाटा). माझा जीएसटी नंबर महाराष्ट्राचा. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मला मिळत नाही, ते खिशातूनच जातं. २०२२च्या जुलैपर्यंत हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटीच नव्हता, नंतर तिथेही बारा टक्के आला, २०२५च्या सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना पाच टक्के आहे. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण ते पैसे माझे आहेत. ह्याला चिकटपणा म्हणायचं असेल तर म्हणा. सुताच्या धंद्यात किलोमागे रुपया-दोन रुपयांवर घर चालतं.

पण एवढंच कारण असतं तर तसल्या लॉज गांधीपुरममध्ये गल्लोगल्ली आहेत. मी त्याच एका दारात का जाते, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी आजवर यांनासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

सुरुवातीच्या खेपांमधली गोष्ट आहे. तेव्हा मी रेल्वेने गेले होते आणि गाडी खूप उशिरा पोचली. रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते. गिरणीच्या एजंटने स्टेशनजवळच्या एका हॉटेलात फोन करून खोली सांगून ठेवली होती. हॉटेल चांगलं होतं. काचेचं दार, समोर गणपती, काउंटरवर टाय लावलेला मुलगा. मी नाव सांगितलं. त्याने वहीत बघितलं, नाव होतं. मग माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"हजबंड, मॅडम?"

मी म्हटलं, एकटीच आहे. तो म्हणाला, "सिंगल लेडीज नॉट अलाउड, मॅडम." अगदी शांतपणे, जसं लिफ्ट बंद आहे सांगावं तसं.

मी आधार कार्ड दिलं. जीएसटीचं सर्टिफिकेट दाखवलं, दुकानाचं कार्ड दिलं, गिरणीचा मेसेज दाखवला. एजंटला फोन लावला, तो झोपला असावा, उचलला नाही. मुलाने मालकाला फोन केला, तमिळमध्ये बोलला. मला तमिळ येत नव्हतं, पण आपल्या सीमाभागात कन्नड कानावर असतं, त्यामुळे "एकटी" आणि "रात्र" एवढं कळलं. फोन ठेवून तो म्हणाला, "फॉर युवर सेफ्टी ओन्ली, मॅडम."

त्याच वेळी तीन पुरुष आत आले. बहुतेक पंपाच्या किंवा मोटारीच्या कामाचे असावेत, अंगात एकसारखे टीशर्ट होते. एकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांच्या खोल्या सांगून ठेवलेल्या नव्हत्या. पाच मिनिटांत किल्ल्या घेऊन ते लिफ्टमध्ये गेले. माझं आधार कार्ड तेव्हाही काउंटरवरच पडलेलं होतं.

मी भांडले. मोठ्याने भांडले. हिंदीत, इंग्रजीत, शेवटी मराठीतही. त्या मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याला फक्त मी तिथून जायला हवी होते. वॉचमन येऊन माझ्या बॅगेजवळ उभा राहिला. बॅगेला हात लावला नाही, नुसता उभा राहिला. त्या उभं राहण्याने मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकलेले नाही. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या जवळ होतं. माझी मुलं मोठी होती. माझ्या पर्समध्ये लाखोंच्या सौद्याचे कागद होते. आणि त्या काचेच्या दारात मी कोण आहे हे ठरवायला त्यांना माझ्या मागे एक पुरुष दिसायला हवा होता.

बाहेर आले. रिक्षा करून गांधीपुरमला गेले. एका ठिकाणी "फुल" म्हणाले, बोर्डावर किल्ल्या लटकत होत्या. एका ठिकाणी "फॅमिली ओन्ली." एका ठिकाणी माणूस तयार होता, पण त्याची नजर मला पटली नाही आणि मीच फिरले. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण "तुझ्याच सुरक्षेसाठी" म्हणणाऱ्यांना वाटतं बाईला धोका ओळखता येत नाही. तो मला रात्री दीड वाजता, थकलेल्या डोळ्यांनीही ओळखता आला.

मग ही लॉज. खाली पोळपाटाएवढा बल्ब, लाकडी काउंटर, मागे मुरुगनचा फोटो आणि एक म्हातारे गृहस्थ. मी काही बोलायच्या आत त्यांनी रजिस्टर पुढे केलं. आधार बघितलं, नंबर उतरवून घेतला, "कुठून आलात" च्या रकान्यात इचलकरंजी लिहिताना स्पेलिंग दोनदा विचारलं. कामाच्या रकान्यात मी "यार्न" लिहिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कुठली मिल?" मी सांगितली. ते म्हणाले, "गुड मिल." मग ॲडव्हान्स सांगितला, गरम पाणी साडेपाच ते नऊ, सकाळी कॉफी हवी तर पोऱ्याला सांगा. जिन्याजवळची पहिल्या मजल्यावरची खोली दिली. वर गेल्यावर पोऱ्याने दाराची खालची कडी आणि वरची खिटी दोन्ही लावून दाखवल्या आणि गेला.

बस, एवढंच. कुणी माझ्यावर उपकार केले नाहीत, दया दाखवली नाही. "ताई घाबरू नका" सुद्धा कुणी म्हणालं नाही. कुठली मिल, एवढंच विचारलं. जो प्रश्न ते कुठल्याही सूतवाल्याला विचारतील, तो मला विचारला. मी त्या दाराशी का परत जाते, ते ह्यात आहे.

सकाळी यांना फोन केला तेव्हा मी खोली चांगली आहे म्हणाले. गिरणीत गेले आणि नेहमीसारखाच भाव पाडून मागितला. एजंटने विचारलं, "स्टे कम्फर्टेबल?" मी हो म्हटलं.

आता मला माहीत आहे तुमचं पुढचं बोलणं. "एका हॉटेलचा अनुभव घेऊन सगळ्यांना नावं ठेवू नका, काळ बदललाय." बदलला असेल. २०१९च्या डिसेंबरमध्ये मद्रास हायकोर्टाने निकाल दिला, तो कोइम्बतूरच्याच एका जागेबद्दल होता. लग्न न झालेलं जोडपं खोलीत सापडलं म्हणून अधिकाऱ्यांनी ती जागा सील केली होती. कोर्टाने सील काढायला सांगितलं. लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदाच नाही, असं म्हटलं. मी ती बातमी कात्रण काढून ठेवली आहे. दोघांना अडवणारा कायदा नाही, तर एकट्या बाईला अडवणारा कुठून आला? त्या रात्रीही नव्हताच. तिथे होती ती पद्धत. आणि पद्धतीवर निकाल दाखवता येतो, पण रात्री साडेअकराला काउंटरवर कोण वाचत बसतं?

हेही समजून घ्यायचा मी प्रयत्न केला आहे. १९९८च्या फेब्रुवारीत त्या शहरात बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. अशा शहरात हॉटेलवाल्याने ओळखपत्र मागावं, चार प्रश्न विचारावेत, माझी काही तक्रार नाही. शिवाय ह्या लॉज कुणासाठी बांधल्या ते उघड आहे. कोइम्बतूरची पहिली कापडगिरणी १८८८ची, आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. तेव्हापासून सूत, कापूस, मोटारी, पंप ह्यांच्या मागे फिरणारा माणूस म्हणजे पुरुष. एक पलंग, एक खुर्ची, शर्ट अडकवायला खिळा. आरसा पुरुषाच्या दाढीच्या उंचीवर. मी हे समजते. पण समजून घेण्याचं काम दर वेळी माझ्याच वाट्याला का यावं?

त्या रात्रीनंतर बरीच वर्षं मी दुसऱ्या गावी खोली सांगताना "मिस्टर मागून येतायत" म्हणत असे. इरोडला म्हटलं, मदुराईला म्हटलं. तेव्हा मला ते शहाणपण वाटायचं, आणि आजही तसं म्हणणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. रात्री डोक्यावर छप्पर लागतं. पण त्या वेळच्या मला मी आज विचारते, की जे यायचेच नव्हते, ज्यांना अंथरुणावरून उठता येत नव्हतं, त्यांचं नाव पुढे करून तू किल्ली घेत होतीस, तेव्हा सकाळी गिरणीत ताठ मानेने बसायला तुला किती जोर लावावा लागत होता? ती म्हणते, किल्ली मिळाली ना? तिचंही खोटं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सुनेने बोलून दाखवली म्हणून लिहिते. ती म्हणाली, "आई, तुम्हाला ती लॉज आवडते असं नाही. तुम्हाला दुसऱ्या काउंटरवर उभं राहायचं नाही." मी त्या दिवशी तिला गप्प केलं. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. म्हातारे गृहस्थ आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. गाद्या जुन्या झाल्या आहेत, खालच्या बाजूला फ्लायओव्हरची धूळ येते, गिझरचं पाणी कधी कोमट असतं. मला पैसे आहेत. तरी अविनाशी रोडच्या हॉटेलांवरून गाडी जाते तेव्हा मी मान वळवून त्या काचेच्या दारांकडे बघते, आणि आत जाऊन विचारावं असं मला वाटत नाही. ही माझी निवड आहे की त्या वॉचमनची, हे मला सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात खरेदीला सून एकटी जाणार आहे. मी तिला लॉजचा नंबर दिला. तिने अविनाशी रोडवर मोबाइलवरून खोली घेतली, स्वतःच्या नावाने, पैसेही भरून टाकले. मला ते पटलं. कुणी अडवलं तर काउंटरवरून हलायचं नाही, नकार लिहून मागायचा, ११२ लावायचा, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आता असं कुणी करत नाही. नसतील करत. मी मात्र गिरणीला कळवून ठेवलंय, की बस कितीही पहाटे येऊ दे, तुमची गाडी स्टँडवर पाहिजे आणि सून हॉटेलात आत जाईपर्यंत तुमचा माणूस काउंटरपाशी थांबला पाहिजे. हे तिला कळल्यापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही, आणि गाडी रद्द करा असं मी अजून गिरणीला सांगितलेलं नाही.