पाणी लाल आलं होतं

बोअरहोल क्रमांक ७ च्या लॉगवर, म्हणजे त्या भोकातून निघालेल्या खडकाच्या नोंदीवर, माझी सही होती, हे आधीच सांगून टाकते. ४२.०० ते ४३.५० मीटरच्या रनपुढे, म्हणजे ड्रिलिंगच्या त्या टप्प्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'कोअर लॉस, यांत्रिक'; म्हणजे खडकाची कांडी (कोअर) पुरती वर आली नाही, आणि दोष मशिनचा. तेही साइटवर न जाता, मोबाइलवर आलेले कोअर बॉक्सचे फोटो मोठे करकरून. पंधरा दिवसांनी त्याच बॉक्ससमोर उकिडवी बसले होते, तेव्हा पाण्याची बादली आणून ठेवणारा हेल्पर पोरगा सहज म्हणाला, "मॅडम, या खोक्याच्या दिवशी पाणी लाल आलं होतं."

काम सह्याद्रीतल्या एका बोगद्याचं. अकरा बोअरहोल, सगळे बेसाल्टमध्ये. बाहेरच्यांना वाटतं, दख्खनचा काळा पाषाण म्हणजे एकसंध कातळ, त्यात पाहण्यासारखं काय! खरं तर हे थरावर थर आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीतल्या भेगांमधून पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला. आजही त्याने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. प्रत्येक थराला स्वतःचं बूड आणि स्वतःचा माथा असतो. वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून माथ्याकडचा खडक सच्छिद्र. ऑपरेटर लोक त्याला 'मांजऱ्या' म्हणतात. मधला भाग घट्ट. आणि अगदी बुडाशी कधीकधी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या सापडतात, थोड्या एका बाजूला कललेल्या. खालच्या ओलसर जमिनीची वाफ वर येताना किंवा लाव्ह्यातलाच वायू सुटताना त्या उमटतात, आणि लाव्हा ज्या दिशेला सरकत होता तिकडे वाकतात. मला विचाराल तर कोअरमध्ये यापेक्षा देखणी गोष्ट नाही. स्टिल्बाइटचे गुलाबी स्फटिक सगळेच उचलून खिशात टाकतात. नळ्यांकडे कोणी बघत नाही.

त्या रनमध्ये १५० सेंटिमीटरपैकी ६१ सेंटिमीटर कोअर मिळाला होता. रिकव्हरी ४१ टक्के, आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या दर्जाचा आकडा, २९. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी, एवढंच ते आरक्यूडीचं गणित. १९६० च्या दशकात डॉन डीअर यांनी ते मांडलं आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रात निम्म्या लोकांनी खडकाकडे बघणं सोडून टेपकडे बघायला सुरुवात केली. नवीन मुलं तर बॉक्स उघडला की आधी कॅल्क्युलेटर काढतात.

'यांत्रिक' हा शब्द तसा खोटा नाही. बॅरलमध्ये, म्हणजे कोअर धरणाऱ्या नळीत, कोअर मोडतो; बिट, म्हणजे ड्रिलचं कापणारं टोक, घासलेला असला तर चिरडतो. ताजा, खरबरीत, बिनडागाचा तडा म्हणजे यांत्रिक. ज्या तड्यावर कॅल्साइटचा पापुद्रा किंवा लोखंडाचा तांबूस डाग दिसतो, तो मूळचा. आरक्यूडी काढताना यांत्रिक तडे धरायचेच नसतात. पण तडा यांत्रिक असणं निराळं आणि अख्खा ८९ सेंटिमीटर खडक नाहीसा होणं निराळं. तिथे तो शब्द म्हणजे केराची टोपली. सुपरवायझरने फोनवर सांगितलं, "बिट खराब होता मॅडम, दुसऱ्या दिवशी बदलला." मी टोपली भरली.

बॉक्समध्ये आणखी एक चलाखी होती. कोअर गेला असेल तिथे तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहायची, हा नियम. इथे वरचा आणि खालचा तुकडा सरकवून एकमेकांना चिकटवले होते आणि सगळी मोकळी जागा रनच्या शेवटी ढकलली होती. फोटोत अखंड काळी कांडी दिसत होती.

पोराचं बोलणं ऐकून मी ते दोन्ही तुकडे पाण्यात बुडवून काढले. ओला झाल्याशिवाय कोअर बोलत नाही. वरच्या तुकड्याच्या टोकाला नळ्या. हिरवट खनिजाने भरलेल्या चार-पाच, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. खालच्या तुकड्याचा माथा जांभळट तांबडा आणि भोकाभोकांचा. म्हणजे एका थराचं बूड आणि दुसऱ्या थराचा माथा, आणि त्यांच्यामध्ये काय होतं ते कुठेच नाही. पाच मिनिटांचं काम होतं. फोटोवरून ते दिसलं नसतं, ही सबब मी स्वतःला बरेच दिवस देऊन पाहिली.

डेली रिपोर्ट मागवला. ड्रिलिंगचं पाणी रॉडमधून खाली जातं आणि खडकाचा भुगा घेऊन वर येतं. घट्ट बेसाल्टमध्ये ते राखाडी असतं. रंग बदलला की खाली बिटला काही वेगळं लागलं आहे. त्यासाठी वेगळा रकाना असतो. आमच्या रिपोर्टमध्ये नऊ दिवस 'राखाडी, राखाडी, राखाडी', एकाच पेनने आणि एकाच बैठकीत लिहिलेलं. ऑपरेटरला मी काही बोलले नाही. त्याला पैसे मीटरवर मिळतात, नमुन्यावर नाही. मऊ थर लागला की पाण्याचा दाब वाढवून पुढे सरकायचं, हे त्याच्या हिशेबाने शहाणपणच आहे.

दोन मीटर बाजूला पुन्हा बोअर घ्यायला लावलं. त्यासाठी जे मेल लिहावे लागले त्यांची लांबी बोअरपेक्षा जास्त भरेल. या वेळी मऊ कोअरही सांभाळणारं तीन नळ्यांचं ट्रिपल ट्यूब बॅरल, अर्ध्या मीटरचे रन, पाणी जेमतेम. बेचाळीस मीटरनंतर रिटर्न वॉटर विटकरी झालं आणि पोराने माझ्याकडे बघितलं. ८९ पैकी ७८ सेंटिमीटर बोल निघाला, म्हणजे गेरूसारखा तांबडा थर. वरची बोटभर जाडी विटेसारखी कडक, भाजलेली. खाली मऊ होत होत, खड्यांसकट कुजलेल्या बेसाल्टमध्ये मिसळून गेलेला.

या थरांच्या जन्माबद्दल भूशास्त्रात वाद आहेत. काही बोल ज्वालामुखीच्या राखेतून झालेले, काही बेसाल्ट हवापाण्याने कुजून झालेली जुनी माती. हा दुसऱ्या प्रकारचा वाटला, कारण खालच्या खडकाशी त्याची सीमारेषाच सापडत नव्हती. लाव्हा थांबला, पावसापाण्यात खडकातलं लोह गंजलं, माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर येऊन तिला भाजून गेला. वरचा वीस-पंचवीस मीटरचा थर बसायला लागला असेल त्याच्या कितीतरी पट काळ या पाऊण मीटरमध्ये आहे. आणि तोच धुऊन गेला होता.

कपच्याएवढा तुकडा बादलीत टाकला. बुडबुडे आले, कडा सुटल्या, आणि चहा होईपर्यंत तळाशी नुसता चिखल. यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. बोगद्याचं छत या थराच्या तीन मीटर खाली येणार होतं.

सुधारित अहवालात वाक्य गेलं, 'रिटर्न वॉटर लाल असल्याचे निदर्शनास आले.' कोणाच्या, ते नाही. मी लिहिलं होतं. वरून खोडून आलं. अहवालात हेल्पर नसतो.

बैठकीत डिझाइनवाल्यांनी नेमका प्रश्न विचारला : हा थर सलग आहे की मधेच संपतो? बोल संपतातही, कित्येक तर एखाद्या उघड्या कड्यावर चालता चालता दिसेनासे होतात. मी बाकीचे दहा बोअरहोल पुन्हा काढले. बोअर क्रमांक ५ आणि ९ मध्ये समुद्रसपाटीपासून जवळजवळ त्याच उंचीवर कोअर लॉस आहे, एकात ६० सेंटिमीटर, एकात ७०. दोन्हीकडे तुकडे चिकटवलेले, दोन्हीकडे माझ्याच अक्षरात 'यांत्रिक'. ९ मध्ये वरच्या तुकड्याचं टोक नेमकं चिरडलेलं आहे, नळ्या असल्या तरी दिसणार नाहीत. ५ मध्ये खालचा माथा तांबूस आहे, पण नुसत्या माथ्यावरून बोल होता असं म्हणता येत नाही; कितीतरी थरांचे माथे तसेच तांबूस असतात. तोवर मशिन दुसऱ्या साइटवर गेलं होतं. जमिनीखालच्या थरांच्या उभ्या छेदाच्या नकाशात मी ७ मधून ठळक लाल रेघ काढली आणि ५ व ९ कडे जाताना ती तुटक केली. बोगद्याला आधार तुटक रेघेवरही द्यायचा, असं शेवटी ठरलं, पण किती, यावर अजून पत्रं चालू आहेत.

त्या पोराचा नंबर ऑपरेटरकडून मिळवून फोन केला. ५ आणि ९ च्या वेळी पाणी कसं होतं, विचारलं. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हा मी दुसऱ्या मशिनवर होतो, मॅडम."