खंजिरी भजनांच्या सीडी: 41 पैकी 26 उतरवून झाल्या

कापसाची पहिली वेचणी आटोपल्यामुळे रात्रीची थोडी उसंत मिळाली आणि भजनी मंडळाच्या पेटीतील 41 सीडींपैकी 26 आता फ्लॅकमध्ये, म्हणजे ध्वनीचा दर्जा जसाच्या तसा राखणाऱ्या संगणकीय फाइलींमध्ये, उतरल्या आहेत. मध्ये दोनदा लाइन गेली, तेव्हा त्या दोन सीडी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या.

खरा वेळ खाल्ला तो नऊ भजनांच्या एका सीडीने. तिची मूळ छापील सीडी आणि मंडळातील कोणीतरी तालुक्याहून करवून आणलेली प्रत, अशा दोन्ही पेटीत आहेत. मूळ सीडी घालताच म्युझिकब्रेन्झ या सीडींची माहिती साठवणाऱ्या ऑनलाइन कोशावरून नावे आली, कारण गेल्या वर्षी ती मीच तेथे भरली होती. प्रत घातल्यावर मात्र ‘ट्रॅक 01’ ते ‘ट्रॅक 09’ एवढेच दिसले.

ऑडिओ सीडीवर भजनाचे नाव सहसा नसतेच. 1980 च्या रेड बुक मानकानुसार सीडीच्या सुरुवातीच्या लीड-इन भागातील क्यू सबचॅनेलमध्ये (ध्वनीव्यतिरिक्तच्या माहितीसाठीच्या जागेत) केवळ सूची असते: कोणता ट्रॅक कोणत्या मिनिटाला, सेकंदाला आणि फ्रेमला सुरू होतो आणि ध्वनी कोठे संपतो. एका सेकंदाच्या 75 फ्रेम. पुढे 1996 मध्ये सीडी-टेक्स्टमुळे नावे लिहिण्याची सोय झाली, परंतु माझ्या 26 पैकी एकाही सीडीवर ते आढळले नाही. म्युझिकब्रेन्झ पहिल्या आणि शेवटच्या ट्रॅकचे क्रमांक, प्रत्येक ट्रॅकची सुरुवात आणि लीड-आउट (ध्वनी संपतो ती जागा) यांवरून 28 अक्षरांची ओळख तयार करते, त्यामुळे एका फ्रेमचा फरकही ती ओळख पार बदलून टाकतो. (2020 मध्ये बंद झालेल्या फ्रीडीबी या अशाच कोशाची ओळख सेकंदांवर बेतलेली आणि अवघ्या 8 अंकांची होती, दोन निराळ्या सीडींची ओळख एकच निघणे तेथे शक्य होते. मला आताचा काटेकोरपणाच बरा वाटतो.)

दोन्ही सूची शेजारी मांडल्या. मूळ सीडीत दुसरे भजन 05:32:40 ला, म्हणजे 24,940 व्या फ्रेमला सुरू होते; प्रतीत ते 05:34:40 ला, म्हणजे 25,090 व्या फ्रेमला. फरक 150 फ्रेमचा. तिसऱ्या भजनाला तो 300, चौथ्याला 450 आणि नवव्याला 1,200 झाला. प्रत करणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक ट्रॅकआधी दोन सेकंद मोकळे सोडले, हे उघड झाले.

मग हेडफोन लावून दोन्ही ऐकल्या. ध्वनिमुद्रण सलग आहे. मूळ सीडीत गजर संपता संपता खंजिरीचा ठेका पुढच्या भजनात शिरतो, तर प्रतीत तो तुटतो आणि दोन सेकंदांच्या शांततेनंतर अर्ध्यातूनच उचलला जातो. प्रतीची ओळख म्युझिकब्रेन्झवर जोडली नाही, फक्त माझ्या वहीत टिपली. आमचे मंडळ गुरुवारी ही भजने म्हणताना नेमके त्याच जागी थांबते. त्यांनी ती या प्रतीवरूनच बसवली असावीत, असा माझा दाट संशय आहे.