चेन्नई ते कॅम्पबेल बे : बोटीने कामावर जाताना

२००९ च्या फेब्रुवारीत ग्रेट निकोबारला रुजू होण्याचं पत्र आलं. त्सुनामीनंतरची बांधकामं चालू होती आणि मला साइट सुपरवायझरचं काम मिळालं होतं. घरी नकाशा उघडला तेव्हा कळलं, अंदमानच्या खालीही बेटांची माळ बरीच लांब जाते आणि आपलं बेट त्यातलं शेवटचं. तिथून चेन्नईपेक्षा सुमात्रा कितीतरी जवळ.

चेन्नई ते पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) सुमारे १,२०० किलोमीटर, बोटीत तीन रात्री. माझं तिकीट बंकचं होतं. बंक म्हणजे जहाजाच्या पोटात एकावर एक खाटा. इंजिनाची घरघर उशीतून कानात शिरते. डिझेल, फिनेल आणि कुणाच्या तरी लोणच्याचा मिळून एक वास तिथे कायमचा भरलेला असतो. दुसऱ्या दिवशी मला बोट लागली. शेजारचे काका बेटावरचेच होते. त्यांनी दंडाला धरून मला वर डेकवर नेलं, कोरडा पाव हातात दिला आणि दूर क्षितिजाकडे बघत बसायला सांगितलं. उपाशीपोटी राहिलं की बोट जास्त लागते, हे तेव्हापासून पक्कं लक्षात आहे. जमलं तर केबिनचं तिकीट काढा. नाहीच मिळालं तर दिवस डेकवर काढा आणि बंकमध्ये फक्त झोपायला जा.

पोर्ट ब्लेअरला पुढच्या बोटीसाठी सहा दिवस थांबावं लागलं. हवामान, दुरुस्ती, माल, काहीही कारण होतं आणि बोट पुढे ढकलली जाते. म्हणून रुजू होण्याच्या तारखेआधी निदान दहा दिवस हाताशी ठेवा. बोटींचं वेळापत्रक तिथल्या ‘द डेली टेलिग्राम्स’ या वर्तमानपत्रात येतं, ते रोज बघा. वाटेतली निकोबारी बेटं आदिवासींसाठी राखीव आहेत, परवान्याशिवाय तिथे उतरता येत नाही. तुमच्या कामाला कोणता परवाना लागेल ते निघण्यापूर्वीच कार्यालयाकडून लेखी घ्या आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत अंगाजवळ ठेवा.

टेन डिग्री चॅनल, म्हणजे अंदमान आणि निकोबारमधला समुद्राचा पट्टा, लागलं की बोट हलू लागते. मे ते सप्टेंबर तर समुद्र फारच खवळलेला असतो. पण हा टप्पा मला सगळ्यात जास्त आठवतो तो एका थांब्यामुळे. एका बेटापासून काही अंतरावर बोट उभी राहिली आणि किनाऱ्यावरून होड्या आल्या (तिथेही त्यांना होडीच म्हणतात, ऐकून इतकं बरं वाटलं!). लाट होडीला वर उचलायची त्या एका क्षणी शिडीवरचा माणूस खाली सामान द्यायचा. तांदळाचं पोतं गेलं, पत्रे गेले, मग टॉवेलात गुंडाळलेलं एक तान्हं मूल गेलं. खालच्या बाईने ते अलगद झेललं आणि मगच त्याची आई उतरली. डेकवर कुणी बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबारचं बंदर. किनाऱ्यालगत त्सुनामीने मारलेली झाडं अजून उभी होती. तिथे पाऊस वर्षातले बहुतेक महिने असतो. चामड्याच्या बुटांना आठवडाभरात बुरशी धरते, रबरी घ्या. मच्छरदाणी, नेहमीची औषधं आणि रोख पैसे बरोबर हवेतच. खाडीत किंवा नदीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर अंधारू लागतं, त्यामुळे साइटचं काम लवकर सुरू करावं लागतं.

१९६९ पासून सरकारने तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. पहिल्याच आठवड्यात माझं हिंदी ऐकून एका आजींनी थेट मराठीत विचारलं, “कुठलं रे गाव तुझं?” दिवाळीच्या सुट्टीवर निघालो तेव्हा काय आणू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “कालनिर्णय आण.”

आणलं. त्यांनी चष्मा लावून आधी संकष्ट्या शोधल्या. मी म्हटलं, “आजी, यातल्या चंद्रोदयाच्या वेळा आपल्याकडच्या गावांच्या आहेत. इथे चंद्र कितीतरी आधी उगवतो.”

“वेळ कोण बघतंय,” त्या म्हणाल्या. “मला तिथी कळली की पुरे. चंद्र दिसतो की अंगणातून.”