फुटपाथवरून फोटो काढायला कोणाची परवानगी लागते?

फोर्ट, काळा घोडा भागात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं, "ओ साहेब, फोटो अलाऊड नाही". सांगतो कोण, तर बिल्डिंगचा सिक्युरिटी गार्ड. आपण फुटपाथवर, बिल्डिंग सगळ्या जगाला दिसतेय, तरी नाही. आणि पोरं घाबरून काढलेले फोटो डिलीटसुद्धा करतात, हे मला फार लागतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातल्या कलम ५२ मध्ये स्पष्ट लिहिलंय की इमारतीचा फोटो काढणं, छापणं हा कॉपीराइटचा भंग नाही, सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या पुतळ्याचंही तेच. भिंतीवरच्या चित्राला मात्र ही सूट नाही, म्हणजे वांद्र्यातल्या गल्ल्यांमधली म्युरल्स विकायच्या फोटोत घ्यायची असतील तर आर्टिस्टला विचारा. गार्डला त्याच्या आवारात मनाई करता येते, ती पाळायची, पण रस्त्यावर त्याचा हक्क चालत नाही आणि कॅमेरा हिसकावणं, फोटो डिलीट करायला लावणं हे तर अजिबात नाही. भांडू नका, त्याला वरून ऑर्डर असते, शांतपणे मॅनेजरला बोलवा म्हणा.

ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टची भीतीही फार घालतात. १९२३ चा कायदा तो, लष्करी ठिकाणं वगैरेंसाठी, तिथे खरंच कॅमेरा बॅगेतच ठेवा. पण २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका केसमध्ये सांगितलं की पोलीस स्टेशन हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, आत व्हिडिओ काढला म्हणून लावलेला तो गुन्हा रद्द केला. मग रस्त्यावरच्या जुन्या बिल्डिंगची काय कथा!

माणसांचं वेगळं आहे आणि इथे मी फोटोग्राफरच्या बाजूने नाही. बाईचे खाजगी क्षण चोरून टिपणं हा गुन्हाच आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. पण गुन्हा नसला तरी दादरच्या फूलबाजारात पहाटे हार ओवत बसलेल्या मावशीने "नको रे" म्हटलं की नको, तिथे कायदा काढून वाद घालायचा नाही. आधी कॅमेरा दाखवा, मान हलली की काढा, काढलेला तिला दाखवा. आणि लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय इन्स्टावर टाकूच नका.